शेवटच्या थांब्यावरची दहा मिनिटं

लोकांना वाटतं, बसच्या ड्रायव्हरला रस्ता डोळ्यांनी कळतो. डोळ्यांनी पुढची स्कूटर कळते, सिग्नल कळतो, मधेच हात दाखवून रस्ता ओलांडणारी बाई कळते. रस्ता कळतो तो बुडाला. कुठला खड्डा बुजवला, कुठं नवा पडला, कुठल्या पुलाचा सांधा उचललाय, हे माझ्या बुडाला आबिड्सपासून शेवटच्या थांब्यापर्यंत पाठ होतं. सव्वीस वर्षं मी हैदराबादेत शहरगाडी चालवली. आज त्या बुडाबद्दल आणि त्याच्या शेजारपाजारच्या जागेबद्दल लिहिणार आहे.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात कुणी काशीयात्रेवर लिहितं, कुणी नातवाच्या अमेरिकेवर लिहितं. मी तिसरी शिकलेला माणूस. आजोबांची उदगीरकडं शेती होती, ती वाटण्यांत गेली, बाप काचीगुड्याला आला आणि मी स्टेअरिंग धरलं. मला कल्पना करून लिहिता येत नाही, जे झालं तेच लिहिता येतं. मला खाज झाली होती. ज्याला किळस येईल त्यानं पान उलटावं, पुढं कविता असेल.

आधी आमची सीट समजून घ्या. आमच्या त्या जुन्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी. उन्हाळ्यात बाहेर जेवढी आग, तेवढीच आत. सीटला रेक्झिन, रेक्झिनवर खाकी टेरिकॉटची पँट, पँटीच्या आत घाम. तो घाम कुठं जाणार? सकाळी बसलेला माणूस दुपारी उठतो तेव्हा पँट सीटला चिकटून फर्रकन आवाज करते. म्हणून सीटवर टॉवेलची घडी टाकायची. टॉवेल ही ड्रायव्हरची गादी. कलेक्टरच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो, तसाच आमचा. फक्त आमचा पांढरा राहत नाही.

आणि आमच्यात एक रीत होती. सकाळपाळीचा ड्रायव्हर उतरला की टॉवेल तसाच ठेवून जायचा आणि दुपारपाळीचा त्यावरच बसायचा. दुसऱ्याचा टॉवेल उचलून आपला टाकला तर त्याचा अपमान. तुझा घाम मला चालत नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं. माझ्या गाडीवर दुसऱ्या पाळीला जहांगीरमियाँ होता, आठवड्यानं आमच्या पाळ्या बदलायच्या. अकरा वर्षं आम्ही एका टॉवेलवर बसलो. तो ईदला धुवायचा, मी दिवाळीला. याला आम्ही दोस्ती म्हणायचो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना उन्हाळ्यात मला जांघेत खाज सुटली. आधी वाटलं घामोळं असेल. मग लाल झालं, चट्टा वाढत मांडीकडं सरकला, कडेनं बारीक पुळ्या, चालताना आग. गाडी चालवताना दोन्ही हात स्टेअरिंगला, खाजवणार कसं? सिग्नल लाल झाला की मी देवाचे आभार मानायचो.

जहांगीरला सांगितलं नाही, पण तो ओळखूनच होता. म्हणाला, "उस्ताद, ये तो डायवरां का मेडल है. सबकू मिलता." आणि खिशातून एक दबलेली ट्यूब काढली. ही ट्यूब डेपोत हातोहात फिरायची. मेडिकलवाल्याला नुसतं 'डायवरवाली' म्हटलं की तो न बोलता द्यायचा. लावली. दोन दिवसांत खाज गुल. मला वाटलं जिंकलो. आठवड्यानं परत आली ती पाहुणेरावळे घेऊनच आली. परत ट्यूब. असे चार महिने गेले. चट्टा तळहाताएवढा होता तो पंजाएवढा झाला. बायकोला, शांताला, मी काही सांगितलं नाही. माझे कपडे मीच धुवायला लागलो, तेव्हा तिला वाटलं नवरा म्हातारपणी सुधारला.

शेवटी विद्यानगरातल्या एका दवाखान्यात गेलो. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ड्युटीचा शर्ट काढून साधा घातला. आत गेलो तर डॉक्टर रजेवर, खुर्चीत त्यांच्या जागी एक बाई. तेलुगू, तिशीतली. मला घाम फुटला. म्हणालो, हाताला खाज आहे.

तिनं हात उलटापालटा करून बघितला. "हाथ तो साफ है."

"पाँव कू है."

"पाँव दिखाओ."

पाय पण साफ. ती पेन ठेवून माझ्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "ड्राइवर हो?"

"हौ. आपकू कैसा मालूम?"

"बैठे ऐसे हो जैसे क्लच दबा रहे हो. चलो, परदे के पीछे. शरम बाहर रख के आओ."

तपासून झाल्यावर तिनं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ही यीस्ट नावाची बुरशी. ती सगळ्यांच्या अंगावर असतेच, गप पडून असते. तिला ओल, ऊब आणि साखर मिळाली की ती माजते. आणि ती ट्यूब? त्यात खाज दाबणारं औषध आहे. खाज झोपते, बुरशी जागीच राहते, उलट मोकळं रान मिळाल्यासारखी पसरते. मग तिनं बोटाला सुई टोचली आणि रक्तातली साखर बघितली. तीनशेच्या पुढं निघाली. ओल आणि ऊब आमच्या सीटवर फुकट होती. साखर मी स्वतः पुरवत होतो, दिवसाला नऊ इराणी चहा आणि प्रत्येकाबरोबर बिस्किट.

मला आधी नोकरी आठवली. दरसाली आमची तपासणी होते. साखर फार वाढलेली दिसली की स्टेअरिंगवरून उतरवून डेपोत पंक्चरच्या चिठ्ठ्या लिहायला बसवतात. मी तिला म्हणालो, काहीतरी जालीम द्या.

ती म्हणाली, मलम तीन आठवडे, खाज थांबली तरी थांबवायचं नाही. साखरेची गोळी. चहा बिनसाखरेचा. टॉवेल स्वतःचा, रोज धुतलेला, उन्हात वाळलेला. चड्डी सुती, ड्युटीच्या मधे एकदा बदलायची. अंघोळ झाली की जांघा कोरड्या करायच्या, मगच कपडे. "और रोज चलना है, चालीस मिनट."

"मैं रोज सौ किलोमीटर जातूं, मॅडम."

"आप नहीं जाते. बस जाती है. आप तो बैठते हैं."

या एका वाक्याचा मला इतका राग आला की तिला खोटं पाडायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे चालायला निघालो. विद्यापीठाच्या बाजूचे ते झाडांचे रस्ते, मी तिथून हजारदा गाडी नेली, पण पायांनी कधी गेलो नव्हतो. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत दम लागला. परत फिरलो तर ती बाई जिंकणार, म्हणून पुरा केला. हट्टी माणसाला व्यायाम करायला लावायचा असेल तर त्याला चिडवावं, हा माझा अनुभव. पंधरा दिवसांत आग थांबली. महिन्यात चट्टा फिका पडला. साखर उतरायला चार महिने लागले, पण उतरली. मलमानं बुरशी गेली हे खरं. ती परत आली नाही ती चालण्यानं, कोरड्या चड्डीनं आणि बिनसाखरेच्या चहानं. तो चहा मात्र अजून मला औषधासारखाच लागतो.

राहिला टॉवेल. जहांगीर गाडी सोपवायला उतरला, तेव्हा मी त्याचा टॉवेल उचलून त्याच्या हातात दिला आणि माझा टाकला. तो बघतच राहिला.

"अब मेरा टावेल काटता क्या तुमकू?"

"मियाँ, तुमकू भी है. मेरेकू मालूम."

"कौन बोल्या?"

"तुम बोले. ट्यूब तुम्हारे खिशे में कायकू रहती?"

तो एकदम खो खो हसला. पुढच्या आठवड्यात त्याच दवाखान्याच्या बाकावर तो साधा शर्ट घालून बसलेला मला दिसला. मी ओळख दाखवली नाही. दोस्ती अशीही असते.

इथं लेख संपवला असता तर माझी शान राहिली असती. पण खरी गोष्ट पुढं आहे आणि तिच्यात माझी शान नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या गाडीवर विशाखा कंडक्टर म्हणून आली होती. तिचा बाप नांदेडकडून रेल्वेत गँगमन म्हणून आला, तो वारला. घरी आई आणि ही. नोकरी कच्ची होती. दोन वर्षं नीट काढली, गैरहजेरी कमी असली, की पक्की होणार, नाहीतर घरी. रोज चढताना "जय भीम काका" म्हणायची, मी "रामराम पोरी" म्हणायचो. मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून मलाही बरं वाटायचं. हिशेबाला चोख, गर्दीत आवाज असा की मागच्या दारातला माणूस पुढच्या दारात यावा. 'राइट' म्हणाली की गाडी निघायची, 'होल्डान' म्हणाली की थांबायची.

पण महिन्यातून तीन-चार दिवस खाडे. आणि गाडीवर असली की कधीकधी तोंड आवळून उभी. मोकळी सीट असली तरी बसायची नाही. मी म्हणायचो, "आजकालच्या पोरी. आमच्या वेळेला ताप असला तरी गाडी निघायची." ती तिकिटं देत मागं सरकायची.

आता माझ्या अभिमानाची गोष्ट. मी वेळेचा पक्का. डेपोच्या वार्षिक समारंभात वेळ पाळणाऱ्या ड्रायव्हरला एक ढाल द्यायचे, ती माझ्याकडं पाच वर्षं होती. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा गाडी पळवत असेल. आबिड्सच्या गर्दीत कोण पळवतो? ड्रायव्हर हरवलेली वेळ भरून काढतो ती शेवटच्या थांब्यावर. कागदावर तिथं दहा मिनिटांचा थांबा असतो. वाटेत सात मिनिटं गेली, तर तिथं तीनच थांबायचं आणि वळून निघायचं. हे सगळेच करतात. मी सगळ्यांत जास्त करायचो.

आमच्या शेवटच्या थांब्यावर संडास नव्हता. पुरुषांचं काय, भिंत असते. बाईला पेट्रोल पंपापर्यंत जावं लागायचं, तीन मिनिटं जायला, तीन यायला. पुढच्या वर्षी मे महिन्यात एकदा विशाखा उतरताना म्हणाली, "काका, आज जरा थांबा."

"लवकर ये."

तीन मिनिटं झाली, मी हॉर्न दिला. चार झाली, परत दिला. पाचव्या मिनिटाला गाडी हलवली. ती समोरून धावत आली, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातानं कुर्ता धरलेला. चढली, दाराच्या दांडीला धरून धापा टाकत उभी राहिली. लोक हसले. मी पण हसलो. म्हणालो, "व्यायाम झाला."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी काचीगुड्याला माझ्या घरी आली. मला वाटलं माझ्याशी बोलायचंय, पण ती सरळ स्वयंपाकघरात शांताकडं गेली. शांता तिला सणावाराला डबा द्यायची, दोघींचं जमायचं. तासभर आत कुजबुज. निघताना विशाखा मला म्हणाली, "काका, मी उद्या राजीनामा द्यायलेय. तुम्हाला सांगितल्याबगर कसं जायचं म्हणून आले."

ती गेल्यावर मी शांताला विचारलं, "काय झालंय तिला?"

शांता भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही वेळेवर पोचता म्हणून साऱ्या डेपोत सांगत फिरता. ती वेळ आणता कुठून?"

"आणतो म्हणजे? चालवतो."

"त्या पोरीच्या पोटातून आणता."

मग तिनं सांगितलं. विशाखाच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जात होतं, आतून खाज, लघवीला आग. वर्षभर. हॉर्नच्या भीतीनं ती सकाळपासून पाणी प्यायची नाही. दिवसभर दाबून धरायची. कधी पंपापर्यंत गेलीच तर धुवायचं आणि तसंच ओलं धावत यायचं, आणि त्या ओल्या टेरिकॉटमधे संध्याकाळपर्यंत उभं राहायचं. अस्वच्छ आहोत म्हणून होतंय असं वाटून ती जंतू मारायचं जहाल पाणी वापरायची, त्यानं आणखी सोलून निघायचं. लाजेनं डॉक्टरकडं न जाता मेडिकलमधून तीनदा कॅप्सूल आणून खाल्ल्या, दर वेळी वाढलंच. त्यात कुणा शेजारणीनं आईच्या कानात भलतंच भरवलं, की असला रोग वाईट वागण्यानं होतो. घरात आई बोलेना आणि गाडीवर मी हॉर्न वाजवतोय.

मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. मला यादम्मा आठवली. बारा वर्षांपूर्वीची माझी कंडक्टर. ती पण अशीच तोंड आवळून उभी राहायची, खाडे करायची, आणि एक दिवस नोकरी सोडून गेली. तेव्हा मी डेपोत सगळ्यांना सांगितलं होतं, बायकांना हे काम झेपत नाही. तिला का झेपलं नाही, हे मी एकदाही विचारलं नाही. आज ती कुठं आहे मला माहीत नाही. माहीत असतं तर मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो असतो.

सकाळी मी विशाखाच्या घरी गेलो. आईसमोर म्हणालो, "राजीनामा द्यायचा तर दे. पण आजची ड्युटी कर. उतरताना दे." ती आली. पहिली फेरी, शेवटचा थांबा, गाडी रिकामी झाली. मी इंजिन बंद केलं. इतक्या वर्षांत मी तिथं इंजिन बंद केलं नव्हतं. मागं गेलो आणि तिच्या समोरच्या सीटवर बसलो.

"काका, उशीर व्हायलाय."

"होऊ दे. ऐक. मला जांघेत बुरशी झाली होती. चार महिने."

तिनं तोंडावर हात ठेवला. "काका!"

"काका काय? काकाला जांघा नसतात का? सिग्नलला खाजवायचो मी. लेडी डॉक्टरनं पडद्यामागं नेऊन तपासलं. तिला मी हाताला खाज आहे म्हणून सांगितलं होतं."

ती हसायला लागली. इतकी हसली की मशीन मांडीवरून घसरलं. मग हसता हसता तोंड खिडकीकडं फिरवलं आणि बराच वेळ तिकडंच ठेवलं.

"काकूंनी सांगितलं ना तुम्हाला? मी नको म्हणलं होतं त्यांना."

"काकूच्या पोटात काही राहत नाही. तुझ्या पोटात सगळं राहतं, हाच तुझा रोग आहे. मी वाईट वागलो म्हणून झालं का मला? ओल, ऊब, साखर, बस. तुझ्या वागण्याचा काही संबंध नाही. आज संध्याकाळी काकूबरोबर त्या डॉक्टरणीकडं जायचं, ती आता तिथंच कायम असते. आईला पण घेऊन जा, तिला स्वतःच्या कानानं ऐकू दे."

"आणि राजीनामा?"

"तो माझ्याकडं दे. मला वाचता येत नाही म्हणून सांगेन."

डॉक्टरणीनं तिला तपासलं, साखर बघितली, ती बरोबर निघाली. औषध दिलं आणि आईला समोर बसवून समजावलं की हे लग्न न झालेल्या पोरीला होतं, लग्न झालेलीला होतं, म्हातारीलाही होतं. मेडिकलमधून मनानं आणलेल्या कॅप्सूल बंद, त्यांनी अंगातले चांगले जंतू मरतात आणि यीस्टला रान मोकळं होतं. जहाल पाणी बंद, बाहेरून साधं पाणी पुरे. सुती कपडे, ड्युटीत एक कोरडी जोडी पिशवीत. पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबायची नाही. परत झालं तर लाजायचं नाही, यायचं.

हे सगळं बरोबर. पण पाणी प्यायल्यावर जायचं कधी? तो इलाज डॉक्टरकडं नव्हता. तो माझ्याकडं होता.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या थांब्यावर पुरी दहा मिनिटं थांबायला लागलो. ती पंपाकडं जायची आणि मी गाडीभोवती फेऱ्या मारायचो. नाहीतरी डॉक्टरणीनं बसून राहू नका म्हणून सांगितलंच होतं. दहा मिनिटांत बारा-तेरा फेऱ्या व्हायच्या. एका म्हातारीनं खिडकीतून विचारलं, "नवस बोलला होता काय, बाबा?" मी म्हणालो, "हौ अम्मा, गाडीला मूल होऊ दे म्हणून."

चौथ्या दिवशी आबिड्सच्या कंट्रोलरनं खिडकीतून हाक मारली. "क्या उस्ताद, तुम लेट? रोज लेट? ट्रॅफिक लिखूं?"

"ट्रॅफिक मत लिखो. लिखो, आखरी स्टॉप पे दस मिनट रुका."

"ऐसा कैसा लिखूं? दस मिनट तो कागज में हैच."

"मग कागज में है तो मेरी गलती क्या?"

आठवड्यानं मॅनेजर साहेबांनी बोलावलं. ते म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही भरून काढत होता, आता का नाही? मी म्हणालो, साहेब, मी तिसरी पास. टाइमटेबलाचा कागद तुम्हीच मोठ्यानं वाचा. त्यांनी वाचला. दहा मिनिटांपाशी थांबले. म्हणाले, "कागदाप्रमाणं बरोबर आहे. पण..."

"पण काय साहेब?"

त्यांनी विशाखाचं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते तिचं होतं, माझं नव्हतं. त्या वर्षी ढाल दुसऱ्याला गेली. टाळ्या वाजवताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पाच वर्षं भिंतीवर होती, तिच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन उरला.

विशाखाला पंधरा दिवसांत उतार पडला. दिवाळीच्या सुमाराला एकदा परत झालं. पण यावेळी ती चढतानाच म्हणाली, "जय भीम काका. परत आलंय ते. उद्या सकाळी डॉक्टरकडं जाऊन येते, दुपारची ड्युटी घेते." असं म्हणाली जसं कुणी म्हणेल टायर बसलंय. मला फार बरं वाटलं. त्यानंतर झालं नाही. आईचे गुडघे धरले होते, तर ही तिला घेऊन संध्याकाळी चालायला जायला लागली, आणि मायलेकींचं बोलणंही तिथंच सुरू झालं. पाण्याची दोन लिटरची बाटली माझ्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायची, मला दाखवून प्यायची. खाडे बंद झाले. मला निवृत्तीला एक महिना राहिला तेव्हा तिचा पक्कं झाल्याचा कागद आला.

आमच्यात निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या फेरीला गाडीला हार घालतात, ड्रायव्हरच्या गळ्यात पण. डेपोत बाजा, साहेब, घरचे लोक वाट बघतात. त्या फेरीला उशीर चालत नाही, बाजेवाल्यांना पुढचं काम असतं.

शेवटच्या थांब्यावर आलो तेव्हाच नऊ मिनिटं उशीर झाला होता. विशाखा उतरली आणि पंपाकडं गेली. मी इंजिन बंद केलं. गळ्यात झेंडूचा हार, घाम सुटलेला. जहांगीर खास माझ्याबरोबर बसून आला होता. त्याचा फोन सारखा वाजत होता. "उस्ताद, साब पूछरैं किधर हैं बोलके. बाजेवाले जातूं बोलरैं. आज का दिन तो निकालो."

"जाने दे बाजेवालों कू."

"एक हॉर्न मारो, आ जाती वो."

"नक्को."

खिडकीतून लोक बघत होते. एकजण म्हणाला, नवरदेव बसलाय पण वऱ्हाड हलेना. मी समोर रस्त्याकडं बघत बसलो. सहा मिनिटं झाली, सात झाली. मग ती वळणावर दिसली. चालत येत होती. एका हातात बाटली, दुसरा हात मोकळा. मधे एका ओळखीच्या भाजीवालीशी दोन शब्द बोलली, हसली, परत चालायला लागली. चढली, आपल्या जागी बसली, बाटली पायाशी ठेवली.

"राइट," ती म्हणाली.

मी गाडी काढली.